पुठ्ठ्याचं वाळवण

"आधी खिडकीला काच कुठून आणायची ते सांग," समर्थ म्हणाला आणि कात्री खाली ठेवून बसला.

पुठ्ठ्याच्या गावात आता तेवढंच बाकी होतं. घाट झाला होता, पूल झाला होता, भाजीबाजारात पुठ्ठ्याच्या टोपल्याही मांडून झाल्या होत्या. साधनामावशीच्या शेडच्या कोपऱ्यात तिघांनी सुट्टीभर खपून हे गाव वसवलं होतं. समर्थ हा मावशीचा मुलगा, योगिनी शेजारची आणि वैष्णवी सायखेड्याहून सुट्टीसाठी पंचवटीत मावशीकडे आलेली.

गाव मुळात वैष्णवीच्या डोक्यातून निघालेलं. रिकाम्या खोक्यांकडे बघत बसली की तिला खोकी दिसतच नसत. तिला जिने दिसत, ओसऱ्या दिसत, ओसरीवर वाऱ्याला बसलेली माणसंही दिसत. मग हाक मारली तरी तिला ऐकू जायचं नाही. "ही बघा, गेली गावाला," असं योगिनी म्हणायची.

शेडमध्ये खोक्यांना काय तोटा! मावशी आणि तिच्या बचत गटातल्या बायका गल्लीतल्या घरांतून, दुकानांतून आणि हॉटेलांतून पुठ्ठा गोळा करायच्या, त्याचे गठ्ठे बांधायच्या आणि ट्रकने कागदाच्या कारखान्याला पाठवायच्या. तिथे त्याचा लगदा व्हायचा आणि लगद्याचा पुन्हा नवा पुठ्ठा.

वैष्णवीने ढिगातून एक तुकडा ओढला. त्यावर नारिंगी डाग होता. तिने तो पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हात धरला आणि डागातून उजेड आरपार आला.

"मिळाली काच," ती हळूच म्हणाली.

तुकडा सगळ्यात वरच्या घराला बसला. ऊन त्यावर आलं तसा घाट, पूल, बाजार, सगळं नारिंगी झालं. तिघं पोटावर पालथी पडून बघत राहिली. आता कोणीतरी दार उघडून अंगणात येईल असं वैष्णवीला अगदी खरं वाटत होतं.

तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला. सकाळी गेलेला ट्रक, भरलेला तसाच परत आला होता.

"गठ्ठ्यांत तेल आहे म्हणे," मावशी बायकांना सांगत होती. "तेलाने अख्खा लगदा नासतो. आणखी एकदा असा माल आला तर आपल्याकडून घेणं बंद करणार आहेत. मग ही शेड चालवायची कशाला?"

घरोघरी फिरून, लोकांची बोलणी खाऊन बायकांनी हे काम उभं केलं होतं. कोणाची तरी नजर कोपऱ्यात गेली. गावाच्या वेशीवर भडंगाचा कागद पडलेला होता.

"तुम्ही इथे बसून खाता?" मावशीने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती वैष्णवीला म्हणाली, "तुझं गाव पुरे झालं आता. उद्यापासून शेडमध्ये यायचं नाही."

भडंग खाल्लं होतं हे खरं होतं. आपल्याच तेलकट बोटांनी मावशीची शेड बंद पडणार की काय, असं वैष्णवीला वाटलं. निघताना तिने खिडकीचा तुकडा तेवढा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिघं समर्थच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत बसली होती. वैष्णवीने तुकडा नाकाला लावला.

"भडंगाला असा वास येतो का गं?"

योगिनीने हुंगून बघितलं. "छे! ही तर तर्री आहे. मिसळीची."

"म्हणजे गोरक्षकाका," समर्थ म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी गोरक्षकाकांचं मिसळीचं हॉटेल होतं आणि त्याची गच्ची यांच्या गच्चीला लागूनच होती. तिघांनी कठड्यावरून डोकावलं.

पलीकडे वाळवण घातलेलं होतं. जुन्या लुगड्यावर कुरडया, त्यांच्या शेजारी पापड. आणि पापडांच्या पुढे, कोपऱ्यांवर खडे ठेवून, ओळीने मांडलेला पुठ्ठा!

"पुठ्ठ्याचे पापड?" योगिनीने डोळे चोळले.

राखणीला गोरक्षकाकांच्या आई, बायडाबाई, काठी घेऊन बसल्या होत्या. योगिनीने गोड आवाज काढला, "आजी, आम्ही हाकलू का कावळे? तुम्ही जरा पडा."

"या की. पर पापडाला हात लावायचा नाय," बायडाबाई म्हणाल्या. मुलं कठडा ओलांडून आली तोवर त्यांनी पेल्यातला चहा संपवला. "दूध नाय घालत मी. कोरा चहा. दुधानं त्याची चवच जाती." मग भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

दुपार सुस्त पडली होती. दूर देवळातली घंटा एकदा वाजली आणि थांबली. नदीकडून आलेल्या वाऱ्याने कुरडया किंचित खुळखुळल्या. ही कुरडयांची जाळी म्हणजे कुठल्याशा शहरातले रस्ते असावेत आणि आपण ढगावरून ते बघत असावं, असं वैष्णवीला वाटू लागलं. ती निघालीच होती त्या रस्त्यांवरून, पण हातातला तुकडा आठवला आणि ती परत आली. तिने खडा बाजूला करून एक पुठ्ठा उचलला. हाताला कडकडीत कोरडा. उन्हात धरला तर नारिंगी उजेड आरपार.

"काय चाललंय?" आणखी पुठ्ठ्यांची चळत घेऊन गोरक्षकाका जिन्यातून वर आले होते.

"काका, हे पापड तळायचे की भाजायचे?" योगिनीने विचारलं.

काकांना राग आला नाही, उलट त्यांची छाती फुगली. "शेडच्या दारावरची मावशीची पाटी वाचता येते ना? 'फक्त कोरडा पुठ्ठा द्यावा.' गल्लीतले लोक देतात तसाच ओला. मी नाही देत. भजी निथळायला घेतलेला असो, नाहीतर पार्सलची तर्री सांडलेला असो, दोन उन्हं दाखवल्याशिवाय खाली उतरवत नाही. शिस्तीचा माणूस आहे मी!"

"पण काका, तेल वाळतं का?" वैष्णवीने विचारलं.

"नाशिकच्या उन्हात माणूस वाळतो, तेलाचं काय घेऊन बसलीस! हात लावून बघ."

हात लावून बघण्यात अर्थच नव्हता. हाताला तो कोरडाच लागणार. लहान तोंडी मोठा घास घेतला तर काका हसून उडवून लावतील, हेही वैष्णवीला कळत होतं. तिने थोडा विचार केला.

"मग पैज लावू, काका. तुमचा वाळवलेला पुठ्ठा आणि शेडमधला साधा पुठ्ठा. लगदा कोणाचा चांगला होतो ते बघू. तुमचा झाला तर आम्ही उरलेली सुट्टी तुमचे कावळे हाकलू."

पैज म्हटली की गोरक्षकाका झोपेतून उठून येणारे. लगेच तयार झाले.

संध्याकाळी शेडसमोर दोन बादल्या मांडल्या गेल्या. गटातल्या बायका जमल्या. मखमलाबादला झेंडू पिकवणारे धोंडीरामबाबा फुलबाजारातून परत निघाले होते, तेही टेम्पो उभा करून बघायला आले. मावशी मात्र दारातच थांबली. वैष्णवीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि बाह्या वर केल्या.

दोन्ही पुठ्ठ्यांचे तुकडे केले, भिजवले, चोळले. साध्या पुठ्ठ्याचा मऊ लगदा झाला. समर्थने तो फडक्यावर थापला आणि त्याची सुंदर पोळी झाली. दुसऱ्या बादलीतला पुठ्ठा बुळबुळीत झाला, त्याच्या गाठी झाल्या आणि लगदा काही केल्या जमून येईना. पाण्यावर लाल-नारिंगी चकत्या तरंगू लागल्या.

गोरक्षकाका वाकले. त्यांनी बोट बुडवलं, हुंगलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, ही तर माझीच तर्री."

"वाळवणात पानी जातं, बाबा," बायडाबाई म्हणाल्या. "तेल जात आसतं तर वर्षाचं लोणचं कवाच कोरडं पडलं आसतं."

सगळे हसले. गोरक्षकाकांनी कान पकडले, पण हसू ओसरल्यावर मावशीकडे वळून म्हणाले, "ताई, चुकलो. पण मी पाटीप्रमाणेच वागलो हो."

मावशी खडूने लिहिलेल्या त्या पाटीकडे बघत राहिली. "खरंय. पाटी मीच लिहिली आहे."

वैष्णवी पुढे झाली. 'कोरडा'मधला 'ड' तिने बोटाने पुसला आणि उरलेला काना 'र'ला जोडला. आता पाटीवर होतं : फक्त कोरा पुठ्ठा द्यावा.

"आजींच्या चहासारखा," ती म्हणाली. "ज्याला काहीच लागलेलं नाही, तो कोरा."

"आन् लागलेला मला द्या," धोंडीरामबाबा पुढे आले. "शिळ्या फुलांचा माझ्या खताच्या खड्ड्यात निसता चिखल हुतो. त्यात पुठ्ठ्याचे तुकडे मिसळले तर खत लय झ्याक हुईल. चिकटपट्टी तेवढी काढा. तेल ठिबकत आसंल तर मातूर नको, मुंग्या लागत्यात."

मग सगळ्यांनाच सुचायला लागलं. योगिनी म्हणाली, "आमच्याकडे पिझ्झा येतो त्याचं झाकण कोरंच असतं. झाकण फाडून इकडे, बूड खताला." गोरक्षकाकांनी पार्सलच्या खोक्यात केळीचं पान घालायचं कबूल केलं. भजी निथळायला चाळणी आहेच की घरात, असं त्यांना बायडाबाईंनी सुनावलं.

पुढच्या वेळी ट्रक गेला आणि रिकामा परत आला. कारखान्याने माल घेतला होता, शिवाय असाच पाठवा म्हणून निरोप दिला होता. बायकांनी मुलांना मध्ये बसवून पेढे भरवले. "पोरांनी शेड राखली," असं गोरक्षकाका हॉटेलात येईल त्याला सांगत सुटले. स्वतःच्या वाळवणाची गोष्ट मात्र ते शिताफीने गाळायचे.

वैष्णवीने खिडकीचा तुकडा मावशीपुढे धरला. "हाही धोंडीरामबाबांना द्यायला हवा. तेलकट आहे."

मावशीने तो घेतला, उन्हात धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग स्टुलावर चढून तिने तो पाटीशेजारच्या झरोक्यात खिळ्याने ठोकला. "हा इथेच राहील. कोरा नसलेला पुठ्ठा कसा असतो, ते लोकांना कळू दे." खाली उतरल्यावर तिने वैष्णवीच्या केसांवरून हात फिरवला. "तुला न विचारताच मी तुझ्यावर आळ घेतला गं, बाळा. चुकलं माझं."

वैष्णवीचे डोळे भरून आले.

दुपारी ऊन झरोक्यावर आलं आणि कोपऱ्यातलं गाव पुन्हा नारिंगी झालं. वैष्णवी पोटावर पालथी पडून बघत होती.

"ही बघा, गेली गावाला," योगिनी म्हणाली.

मावशी हातातली सुतळी टाकून आली आणि पदर खोचून तिच्या शेजारी फरशीवर आडवी झाली.

"सरक थोडी," ती म्हणाली. "मला दाखव की, तुझ्या गावात माझं घर कुठलं ते."