दुसरी पंगत

फ्रँकफर्टमधल्या ज्या वसाहतीत हृषिकेशने घर घेतलं होतं, तिथे एके काळी अमेरिकन सैन्यातल्या अधिकाऱ्यांची कुटुंबं राहायची. ती माणसं कधीच परत गेली. पिवळसर, एकसारख्या इमारती आणि मधल्या रुंद हिरवळी तेवढ्या मागे राहिल्या.

वडिलांना, वासुदेवरावांना, त्याने माळ्यावरची खोली दिली.

"अप्पा, त्यांच्या मोलकरणी राहायच्या इथे," बॅग ठेवताना तो हसत म्हणाला. "पण उजेड बघा कसा आहे. तुम्हाला वाचायला मस्त."

दाराजवळच्या भिंतीवर मोलकरणींना खाली बोलावायची एक पितळी घंटा होती. तिची तुटकी तार रंगाखालून बाहेर डोकावत होती.

दुखऱ्या उजव्या गुडघ्यामुळे वासुदेवरावांना जिना जड जाई, तरी ते रोज चढत. उभा जन्म त्यांनी कराडच्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवला होता. अमेरिका कधी पाहिली नव्हती. आपण सांगतो ते खरं असेल ना, ही शंका त्यांना भर वर्गातही यायची.

खाली जेवणाच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, लाकडी जमिनीला दोन उथळ खळगे पडले होते. सून शमिकाने त्यावर कुंडी ठेवली होती. "अमेरिकन फ्रिज असेल हो त्यांचा," ती म्हणाली होती.

त्या खोलीत जेवत मात्र कुणीच नसे. हृषिकेश एश्बॉर्नच्या ऑफिसातून आला की लॅपटॉपसमोर खाई. शमिका हेडफोन लावून ओट्याशी उभ्यानेच उरकी. नातू मिहीर टॅब्लेटसकट आपल्या खोलीत. वासुदेवराव एकटे ताट घेऊन बसत. परतीचं विमान जवळ आलं होतं. एकदा, फक्त एकदा, चौघांनी मिळून जेवावं एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी धीर केला.

"सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत असं नव्हतं रे. संध्याकाळी अख्खं घर एका टेबलाशी. शेजारी न विचारता येऊन बसायचे. मग प्रत्येकाची गाडी आली, प्रत्येकाचा टीव्ही आला..."

"अप्पा, लेक्चर नको. प्लीज."

शमिकाने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आणि त्या टेबलावर वाढायचं कोण, अप्पा?"

वासुदेवराव अडखळले. पुस्तकांतल्या चित्रांत सगळे बसलेलेच असायचे.

"आल्झो, कळलं," शमिका जर्मन सवयीने म्हणाली. "मी उभी, तुम्ही बसा."

"नाही गं. मी वाढीन. तुम्ही तिघं बसा. मी दुसऱ्या पंगतीला बसेन."

"दुसऱ्या पंगतीला एकटेच?" हृषिकेश हसला. बाप हसला म्हणून मिहीरही हसला. "बरं. शनिवारी बसू."

त्या संध्याकाळी माळ्यावरची घंटा वाजली.

वासुदेवरावांनी बोट लावून पाहिलं. पितळ अजून थरथरत होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजली. जिन्यावरून भाजलेल्या मांसाचा आणि लोण्याचा वास वर येत होता. ते खाली गेले. "काय शिजवलंय?"

"काही नाही. पिझ्झा मागवलाय," शमिका म्हणाली.

पुढच्या दिवशी वासाबरोबर इंग्रजीतली पुटपुट आली. जेवणाआधी प्रार्थना म्हणतात तशी. आपले कान गेले असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

शनिवारी त्यांनी वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली. टेबलावर चार ताटं मांडली, चौथं स्वतःसाठी, आणि ते सदरा बदलायला वर गेले.

घंटा वाजली.

ते खाली आले तेव्हा तिघंही टेबलाशी बसली होती. एकही स्क्रीन चालू नव्हता. वासुदेवरावांचे डोळे भरून आले.

मग त्यांना हृषिकेशच्या गळ्यातला टाय दिसला. मिहीरचा चापूनचोपून पाडलेला भांग दिसला. तिघांनी माना खाली घातल्या होत्या.

ताटं तीनच होती. खुर्च्याही तीनच.

हात भाजले म्हणून त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या हातात थाळा होता. थाळ्यात अख्खा भाजलेला पक्षी. तो त्यांनी शिजवला नव्हता.

त्यांनी वाढलं.

तिघं बोलू लागली. शाळेबद्दल, शेजाऱ्यांबद्दल. हसली. वर्गात वासुदेवराव वर्णन करत, अगदी तसंच.

"हृषिकेश," त्यांनी हाक मारली.

कुणी वर पाहिलं नाही.

"पाणी," मिहीर म्हणाला. स्वच्छ मराठीत. एरवी तो जर्मनशिवाय बोलत नसे.

"मिहीर, बाळा, मी आजोबा..."

"ऐकू आलं ना रे?" हृषिकेश म्हणाला. "पाणी आण त्याला."

त्यांनी पाणी आणलं.

"मी बसू का आता?"

शमिका गोड हसली. "आमचं कुठे झालंय अजून?"

ताटं पुन्हा भरली होती.

वासुदेवराव मागे सरकले. स्वयंपाकघराच्या दाराशी कुंडी नव्हती. खाली न पाहताच त्यांचे पाय दोन्ही खळग्यांत बसले. नेमके बसले.

डावा खळगा जरा जास्त झिजून खोल झाला होता. उजव्या गुडघ्यामुळे वासुदेवराव नेहमी डाव्या पायावरच भार देत.