ओल्या चुन्यावरची धाम

सेलूहून पवनारकडे निघालेल्या एस.टी.त त्या सकाळी गुंजनने एक आडोसाच उभा केला होता. आडोसा म्हणजे तिचा कॅनव्हास, जवळजवळ तिच्या खांद्याला लागेल एवढा. सिंदीहून सेलूपर्यंत तो कसाबसा मावला होता. पण सेलूला गाडी बदलली, तेव्हा कंडक्टरने तो मागे नेऊन ठेवायला सांगितलं. आपल्याला काही ऐकूच आलं नाही असा चेहरा करून गुंजनने तो दोन बाकांच्या मधोमध उभा धरला आणि ती खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत बसली.

थोड्या वेळाने कॅनव्हासच्या पलीकडून कुणीतरी खाकरलं.

"ओ मॅडम, समोरून काय हाये ते तरी सांगा. मले तं इकडून नुसत्या लाकडाच्या पट्ट्या दिसून राह्यल्या."

"चित्र आहे."

"कायचं?"

"गर्दीचं."

"मंग बरोबर. मी त्यातच बसलो आहो."

गुंजनला हसू आलं, पण तिने ते ओठांतच ठेवलं. पलीकडचा आवाज मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. मागची बाजू पाहून त्याने आणखी एक निष्कर्ष काढला, की चित्र काढणारी लई घाईत असते, कारण खिळे सगळे वाकडे आहेत. खिळे तिने स्वतः ठोकले होते... आता हसू येईना.

पवनारच्या थांब्यावर ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि कॅनव्हास कलंडला. तो पडला नाही, कारण पलीकडून दोन हातांनी त्याची वरची कड पकडली होती. त्या हातांनी सोडून दिलेले भाजीचे रिकामे क्रेट मात्र घसरत थेट ड्रायव्हरपर्यंत गेले. कॅनव्हासवरून गुंजनला पहिल्यांदा तो दिसला. सावळा, दाढी वाढलेला, आणि सकाळी बाजारात विकलेल्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक काडी अजून कानामागे केसांत अडकलेली.

दोघं उतरली. तो क्रेट डोक्यावर घेऊन पुढे, ती कॅनव्हास सांभाळत मागे. गावातल्या वाचनालयाच्या वळणावर तो थांबला आणि वळून म्हणाला,

"तुमी माह्या मांगंमांगं येऊन राह्यल्या का?"

"मी चित्रकलेच्या वर्गाला चालले आहे."

"मी पण," तो म्हणाला.

त्याचं नाव श्रावण. धाम नदीच्या काठी त्यांची भाजीची वाडी होती. तो आणि त्याची आई कुसुमबाई ती कसत. पहाटे सेलूच्या बाजारात भाजी टाकायची आणि परतताना वर्गाला यायचं, असा त्याचा हिवाळ्यापुरता बेत होता. गुंजन सिंदीची, रंग आणि हार्डवेअरच्या दुकानदाराची मुलगी. चित्रकलेचं शिक्षण तिने नागपूरला घेतलं होतं. वर्ग घेणाऱ्या सुलोचना मॅडम चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. वाचनालयाने नवी खोली बांधली होती आणि तिची लांब भिंत मॅडमच्या हवाली केली होती. नवं-जुनं सगळं शिकवायचं, आणि शेवटी या भिंतीवर आपला गाव काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

सुरुवातीला गावातल्या मुलांसकट सगळ्यांनी गेरू आणि पिवळी माती खलात घोटली, कापडातून गाळली, डिंकाच्या पाण्यात कालवली. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर वाळल्यावर तडकतो. श्रावणचा रंग दोन्ही करत असे. त्याला माणसाचं तोंड काढायला शिकायचं होतं, पण कोणतंही तोंड त्याच्या हातून वांग्यावर जात असे. नागपूरला शिकलेलं ॲक्रिलिक गुंजनने सगळ्यांना शिकवलं. ते झटपट सुकतं आणि चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. गुंजनला हे फार आवडायचं. तिच्या प्रत्येक चित्राखाली दोन-तीन फसलेली चित्रं झाकलेली असत. बोलण्यातही तिचं तसंच होतं. मनातलं काही तोंडून निसटलं, की लगेच त्यावर एक विनोद.

मग मॅडमनी ओल्या चुन्यावर चित्र काढायला घेतलं. ते असं असतं. भिंतीवर मुरवलेल्या चुन्याचा गिलावा द्यायचा, एका दिवसात रंगवून होईल एवढाच. तो ओला आहे तोवर नुसत्या पाण्यात कालवलेल्या मातीने चित्र काढायचं. डिंक नको, काही नको. चुना सुकताना रंगाला आपल्यात ओढून घेतो आणि मग तो जन्मभर सोडत नाही.

"आणि चुकलं तर?" गुंजनने विचारलं.

"तर तेवढा तुकडा छिन्नीने काढायचा आणि पुन्हा गिलावा करायचा," मॅडम म्हणाल्या. "ह्यावर झाकपाक चालत नाही, बाळ."

गिलावा करायचं काम श्रावणकडे आलं, कारण त्याचा हात थापीवर चांगला बसला होता आणि चित्रात कुणाला तो नको होता. चुना त्याच्याच वाडीतल्या खड्ड्यात मुरत पडला होता. कुसुमबाई दह्याला जपावं तशी त्याला जपत, वर पाणी आटू देत नसत. नदीचा भाग गुंजनकडे आला. म्हणजे रोज सकाळी तो पुढे जाऊन भिंतीचा एक तुकडा ओला करून देणार आणि ती त्याच्या शेजारी बसून तो सुकायच्या आत भरणार.

अशा कामात माणसं बोलू लागतात. पहिल्या आठवड्यातच तिने त्याला सांगून टाकलं, की फेब्रुवारीत ती पुण्याला चालली आहे. कार्टूनपट करणाऱ्या एका स्टुडिओत मागची दृश्यं रंगवायचं काम तिला मिळालं होतं. श्रावण "चांगलं हाये" म्हणाला, आणि त्या दिवशी त्याचा गिलावा दोनदा खाली आला. गुंजनने ते पाहिलं. तेव्हापासून, आपण जाण्याआधी या माणसाने काहीतरी बोलावं, एवढीच तिची इच्छा होती; आणि आपण होऊन आधी बोलायचं नाही, एवढाच तिचा हट्ट.

तो बोलत नव्हता. पण घरून दोन डबे आणत होता. एक उघडून तिच्याकडे सरकवायचा आणि आईनं जास्त भरला म्हणून सांगायचा. एकदा ती म्हणाली, "रोजच जास्त होतं?" तो म्हणाला, "मायचा अंदाज चुकून राह्यला हल्ली." त्यावर तिने डबा आणखी जवळ ओढला.

भिंतीवर नदी उतरू लागली, पण गुंजनला तिचा निळा रंग पसंत पडेना. मॅडमनी दिलेली निळीची पूड फिकी होती. ओली असताना बरी दिसायची, सुकली की अर्धी उडायची. एका संध्याकाळी तिने बाबांच्या दुकानातल्या मागच्या फळीवरून गडद निळ्या भुकटीचा डबा काढला. चुन्यात चालेल का, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले, न चालायला काय झालं, आपल्याकडे सगळेच चुन्यात नीळ टाकून घरं रंगवतात. गुंजनलाही ते पटलं. लहानपणापासून तिने दिवाळीआधी निळसर पांढऱ्या होणाऱ्या भिंती पाहिल्या होत्या. मॅडमना विचारायचं तिला सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं, पण मॅडम नाही म्हणाल्या असत्या.

त्या शनिवारी धाम भिंतीवर अशी उतरली, की वर्गातली सगळी मुलं काम सोडून बघायला आली. श्रावण तर हातातली थापी तशीच धरून उभा होता.

"पाण्यात हात घालावा वाटते," तो म्हणाला.

"घाला की. मग पुसायला मी आहेच," ती म्हणाली, आणि लाजून लगेच म्हणाली, "म्हणजे भिंत पुसायला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी खोली उघडली, तेव्हा नदी तपकिरी झाली होती. काही ठिकाणी हिरवट, काही ठिकाणी गंजल्यासारखी. सगळे जमले. वाचनालयाचे अध्यक्ष लक्ष्मणराव चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले आणि हे असंच काढायचं होतं का, असं त्यांनी सभ्यपणे विचारलं.

 गुंजनने मग तेच केलं जे तिच्या हाताला सवयीचं होतं. चुकीवर पहिला हाती आला तो रंग फासला.

"चुना कच्चा असेल," ती म्हणाली. "नीट मुरला नसेल."

 सगळ्यांनी श्रावणकडे पाहिलं. 

"असं हाये का," एवढंच तो म्हणाला. त्याने थापी धुतली, जागेवर ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. गिलावा मॅडमनी केला, आणि दुपारी दुसरा डबा नव्हता.

गुंजनचं मन खात होतं, पण चूक खरंच चुन्याची की रंगाची, हे तिला आधी पाहायचं होतं. बाबांच्या तंबाखूसोबतच्या डबीतला चुना तिने बशीत काढला, त्यात थोडं पाणी आणि त्या निळ्या भुकटीची चिमूट टाकली आणि बशी माळ्यावर ठेवली. बाबांनी विचारलं, हे काय चाललंय. ती म्हणाली, चुन्याची पंचायत. सकाळी बशीत गंजाचा रंग होता. चुना कच्चा नव्हता. त्या निळ्यालाच चुना सोसत नव्हता.

आता यावर काय थर द्यावा, हे तिला कळेना. डबा परत फळीवर ठेवला असता तर कुणालाही काही समजलं नसतं. पुण्याला जायचा दिवस जवळ आला होता. न बोलता निघून गेलं असतं तरी चाललं असतं. नसतं चाललं, असं बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं.

वर्गात गेल्यावर तिने मुलांसमोर आणि लक्ष्मणरावांसमोर बशी ठेवली आणि सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. नीळ चुन्यात टिकते, पण बाजारातला प्रत्येक निळा म्हणजे नीळ नव्हे, हे त्यांनी मुलांना समजावलं. मग छिन्नी गुंजनच्या हातात दिली. आपली नदी तिने स्वतःच खरवडून काढली. मुलं मदतीला आली तर तिने त्यांना दूर बसवलं.

मग ती वाडीवर गेली. कुसुमबाई मेथी खुडत होत्या.

"माझंच चुकलं, काकू," गुंजन म्हणाली. "तुमचा चुना चांगला होता."

"मले ठाऊक हाये ना वं माय, चुना माह्या नजरंखाली मुरला," कुसुमबाई मान वर न करता म्हणाल्या. "मले काऊन सांगतं? ज्याले सांगाचं त्याले सांग. तिकडं पाणी देऊन राह्यला."

तो फुलकोबीच्या सरीत पाणी वळवत होता. बसमध्ये येताना गुंजनने एक मजेदार वाक्य तयार केलं होतं. ते तिने गिळलं.

"निळा रंग माझा होता. मी कुणाला न विचारता आणला. आणि सगळ्यांसमोर नाव तुमचं घेतलं, कारण मला भीती वाटली. आज सगळ्यांसमोरच सांगून आले."

श्रावणने फावड्याने एक बांध फोडला, दुसरा घातला.

"मले राग रंगाचा नाई आला," तो म्हणाला. "तुमी माह्याकडं न पाहता बोलल्या, त्याचा आला."

ती त्याच्याकडे पाहत होती. आता तोच दुसरीकडे बघू लागला.

"उद्या गिलावा करून ठेवतो," तो म्हणाला. "वेळेवर येजा."

दुसऱ्या दिवशी ती पोचली, तेव्हा नदीची जागा ओली, गुळगुळीत तयार होती. दोन डबेही होते.  तिने मॅडमची फिकी नीळ कालवली आणि काठापासून सुरुवात केली. अर्धी नदी झाली, तेव्हा तो शेजारी येऊन बसला.

"आता तुमी उठू शकत नाई ना?"

"नाही. सुकून जाईल."

"म्हणूनच आता बोलतो." त्याने तिची पाण्याची वाटी उचलून हातात धरली. "तुमी पुण्याले चालल्या. जा. मी थांबवत नाई. पण गेल्यावर मले करमणार नाई, हे तुमाले ठाऊक असावं. बस... एवढंच होतं."

कुंचला थांबला नाही, पण पाण्याची एक रेघ जरा जाड झाली.

"एवढंच?"

"म्हणजे तुमची हरकत नसंल तं... लग्नाचं बी होतं थोडं."

"थोडं?"

"पुरंच होतं," श्रावण म्हणाला.

गुंजनच्या जिभेवर विनोद आला होता. तिने तो येऊ दिला नाही.

"हो," ती म्हणाली. "पण मी दोन वर्षं तिथं काम करणार. त्यानंतर इथं यायचं की काय करायचं, ते दोघांनी मिळून ठरवायचं. तू वाडी सोडावीस असं मी म्हणणार नाही. पण अधूनमधून गाडीत बसून यावं लागेल."

"येईन."

"आणि बाबांशी मी आज बोलते. रविवारी तू घरी ये."

"येतो."

ती पुन्हा नदीकडे वळली. थोडं पाणी रंगवून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "राग गेला का?"

"थोडा हाये अजून."

"किती दिवस ठेवणार आहेस?"

"तू पुण्याहून येईस्तोवर तरी," तो म्हणाला. "तुहं काही तरी नको का माह्याजवळ?"

या खेपेला ती मोठ्याने हसली. पलीकडे काम करणाऱ्या मुलांनी माना वळवून पाहिलं. चुना रंग ओढून घेऊ लागला होता. ती काठाकडे वाकली आणि भरभर हात चालवू लागली. श्रावण तिच्या शेजारी, पाण्याची वाटी धरून, तसाच बसून राहिला.