मागची गाडी

अहो ताई, बोलू नका. नुसती मान हलवा, मला कळतं. आपण दोघी सगळ्यात मागे आहोत हे मलाही दिसतंय. सारखं वळून बघितलंत म्हणून धुक्यातून कोणी उगवणार नाहीये. पळू नका आता, नुसतं चाला. शर्यतीची कमान बंद व्हायला अजून वेळ आहे. आणि हे घ्या, अर्धं केळं. उरलेलं अर्धं मी खाते. मी नेहमी एकच आणते आणि अर्धं कोणाला तरी देते. सवयच लागलीय.

पहिलीच ना ही तुमची, एवढ्या लांबची? ते दिसतंच हो. छातीवरचा नंबर बघा किती कौतुकानं लावलाय, चारी कोपऱ्यांना पिना, जरासुद्धा सुरकुती नाही. मघाशी म्हणालात, लेक उभी आहे कमानीपाशी, पुठ्ठ्यावर काहीतरी लिहून. ‘आई पळ’? गोड आहे पोर. माझेही घरचे उभे आहेत तिथं, पण ते पुठ्ठा वगैरे आणत नाहीत.

बोलत गेलं की अंतर कळत नाही. मी बोलते, तुम्ही ऐका. आधी जरा थांबा मात्र. त्या दगडाला हात लावा आणि पोटऱ्या ताणून घ्या. घाई कसली? घ्या ताणून नीट. हं, चला आता.

मी औषधाच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर उभं राहायचं, चिठ्ठी वाचायची, स्टुलावर चढून वरच्या कप्प्यातल्या गोळ्या काढायच्या. त्यामुळे पाय दणकट. माझी जाऊ माझ्या उलट. घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. बालवाडीत शिकवायची, आवाज मधाळ, अंगानं नाजूक, सासूच्या गळ्यातला ताईत. आमचं वैर होतं असं नाही, पण ओट्यावर ओला फडका कोणी ठेवला यावरूनही आमचं वाजायचं.

पळायचं खूळ माझं. पहाटे तासभर घराबाहेर, ‘अगं, ऐकलंस का’ म्हणणारं कोणी नाही. माहेरी पळून जायची सोय नव्हती, म्हणून नुसतंच पळायला लागले म्हणा ना! तर थोड्याच दिवसांत धाकटीनंही बूट आणले. “वहिनी, मी पण येते.” झालं. चोवीस तासांतला तेवढा एक तास माझा होता, तोही वाटून घ्यावा लागला. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं, तिलाही तेवढीच मोकळी हवा.” माझ्या हवेबद्दल मात्र आजवर कोणी काही बोललं नव्हतं.

मग ही शर्यत आली. हाच रस्ता, डाव्या हाताला हेच तळं, आणि सकाळ सरली तरी न हटणारं असंच धुकं. मला वेळेत पोचायचं होतं. गळ्यात ते मेडल घालून घ्यायचं होतं, बस. उरलंसुरलं नाही, कोणाच्या वाटचं नाही, एकदम नवं कोरं, माझं. हसू आलं ना? हसा. मलाही आता येतं.

धाकटीच्या पायात गोळे आले ते इथंच, शेवटचं पाण्याचं टेबल मागे टाकल्यावर. बसली की रस्त्यावर फतकल मारून! मी तिची पोटरी चोळली, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, जवळ केळं होतं ते मोडून अर्धं तिच्या हातात दिलं. मनातून जळफळत होते. घड्याळ माझ्यासाठी थांबणार होतं थोडंच?

“वहिनी, मला सोडून जाऊ नका हं,” ती म्हणाली. तिच्या बालवाडीतली पोरं म्हणत असतील तशी.

“सोडून गेले तर घरात उभी करतील का मला?” मी म्हणाले. आणि तेव्हा मागून इंजिनाचा आवाज आला.

लांबच्या शर्यतीत मागून एक गाडी येते, ते ठाऊक आहे ना तुम्हाला? ज्यांच्यानं होत नाही त्यांना उचलून आणते. तिच्यात बसायची लाज वाटते, पण गाडी वाईट नसते. मला हायसंच वाटलं. आवाज मात्र विचित्र होता. चढावर लावतात तसा खालचा गिअर, एकसुरी, आणि रस्ता तर सपाट. कितीतरी वेळ तो लांबच होता, आणि मग एकदम आमच्या कोपराशी आला. जुनी, राखाडी बस. दिवे नाहीत. दार उघडलं तसा वास आला... दुखऱ्या पायांना चोळायच्या मलमाचा, आणि न वाळवता घडी करून ठेवलेल्या कपड्यांचा.

“एक जागा आहे,” ड्रायव्हर म्हणाला. ‘येता का’ नाही, ‘बसा’ नाही. एवढंच.

आत सगळे नंबर लावलेले लोक. ताठ बसलेले, हात मांडीवर, नजर समोर. कोणी बूट काढला नव्हता, कोणी पाय चोळत नव्हतं, कोणी कण्हत नव्हतं. दमलेली माणसं अशी बसत नाहीत, ताई. दमलेला माणूस सीटवर सांडतो. हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं बरं का. मागाहून सुचलेलं नाही हे.

“वहिनी, नको... मी चालते हळूहळू,” धाकटी म्हणाली. “हे लोक बघा ना... पापण्यासुद्धा...”

“काय बघायचंय त्यांच्यात? सुखानं बसलेत बापडे. बस तूही.”

मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. पायरीवर चढवलं, तर तिनं दाराचा दांडा धरून ठेवला. एका हातात केळं, एका हातात दांडा. मग मी तिची बोटं सोडवली. एकेक करून. म्हटलं, पुरे झाले नखरे. दार लागलं, गाडी धुक्यात गेली, आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, माझे पाय असे हलके झाले, असे हलके झाले, की कमानीपर्यंत मी एका दमात पळाले. वेळेत पोचले. मेडल घातलं त्यांनी गळ्यात.

घरचे सगळे उभे होते. भाऊजी, म्हणजे धाकटीचा नवरा, पुढे झाले. “ही कुठाय?”

“येतेय मागच्या गाडीनं,” मी म्हणाले.

मागची गाडी आली. छोटी पांढरी गाडी, वर झेंडा, आत मिटून ठेवलेली टेबलं आणि पाण्याची रिकामी पिंपं. माणूस एकही नाही. त्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, मी तर शेवटपर्यंत यांच्याच मागे होतो. टेबलापर्यंत दोन बायका दिसत होत्या. मग धुकं दाटलं, आणि विरळ झालं तेव्हा एकच होती. बस? कसली बस? माझ्या पुढे कुठलीच बस गेलेली नाही.

तळ्यात पाणबुडे उतरवले. झुडपं न् झुडपं धुंडाळली. बसची गोष्ट मी शंभरदा सांगितली आणि शंभरदा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे बघितलं. पुरावा काहीच नव्हता, म्हणून मी घरी आले. घरी आले म्हणजे नुसती आले हो. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. धाकटीचं पोर जेवताना माझ्या तोंडाकडे बघत बसायचं, घास हातात तसाच. आमच्या ह्यांनी ते मेडल उचलून शेजारच्या खोलीत भाऊजींच्या उशाशी खिळ्याला लटकवलं. मला काढायची हिंमत झाली नाही.

वर्षानं भाऊजींनी माझं नाव घातलं शर्यतीत. मला विचारलंसुद्धा नाही. “वहिनी, तुम्ही नेलीत, तुम्ही आणा.” आदल्या रात्री माझ्या छातीवर नंबर ह्यांनी लावला. एक पिन कातड्यातून गेली. ह्यांना कळलं, मलाही कळलं. ह्यांनी पुढची पिन उचलली.

मी मुद्दाम मागे राहिले. सगळे पुढे गेले, पाण्याचं टेबल आवरलं, धुकं दाटलं, आणि तो आवाज आला. चढावरचा, सपाट रस्त्यावर. बस थांबली. धाकटी खिडकीशी होती, ताई. मी डोक्यावर ओतलेलं पाणी अजून केसांतून ठिबकत होतं. आणि हातात ते अर्धं केळं. वर्ष झालं होतं, आणि ते पांढरंशुभ्र, आत्ता मोडल्यासारखं! एक ठिपका नाही त्याच्यावर. मी खिडकी बडवली, हाक मारली. तिचे डोळे फिरले माझ्याकडे. फक्त डोळे.

“एक उतरायचं तर एक चढायला हवं,” ड्रायव्हर म्हणाला.

मग मी चढले का? तुम्ही चढला असता? ज्या बाईसाठी मी कधी बाकावर सरकून जागा केली नाही, तिच्यासाठी जन्माची जागा द्यायची? मी मागे सरले. दार लागलं.

घरी येऊन जे घडलं ते सांगितलं. वाटलं होतं, वेड्यात काढतील. भाऊजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, “मग कोणीतरी शोधा.” आणि सासूबाई वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

“आपल्या घरातलं नको,” त्या म्हणाल्या.

पुढच्या शर्यतीत एक जाडजूड गृहस्थ मिळाले. फार विनोदी. म्हणे, बायकोनं सोफ्यावरून हाकललं म्हणून पळायला आलो. हसून हसून माझी पुरेवाट झाली. त्यांनाही अर्धं केळं दिलं होतं. बस आली तशी बिचारे आपण होऊनच चढले, वर मला म्हणाले, “चला की, मांडीवर बसा!” दार लागायच्या आधी त्यांचं हसू थांबलं, तेवढं मी बघितलं. आणि उतरलं कोण? धाकटी नाही. एक म्हातारा उतरला, कापडावर शाईनं लिहिलेला नंबर, पायात फाटके कॅनव्हासचे बूट. मला विचारलं, “किती राहिलं?” मी पुढे बोट दाखवलं. पळत गेला धुक्यात. कमानीपाशी तो कधीच पोचला नाही, मी तिथल्या सगळ्यांना विचारलं. कुठं गेला देव जाणे.

मी ड्रायव्हरवर ओरडले. माझी जाऊ कुठाय? तर तो म्हणाला, “आधी बसलेला आधी उतरणार. येत राहा, बाई.”

तेव्हापासून येतेय. भाऊजी जिथं जिथं शर्यत असेल तिथं नाव घालतात, हे पिना लावतात, सासूबाई पहाटे डबा करून देतात. एकूण घरात माझी वागणूक सुधारली म्हणायची. धाकटी उतरून घरी येईल की त्या म्हाताऱ्यासारखी धुक्यात विरेल, ते मला ठाऊक नाही. खरं सांगू? मला आता त्याचं काही वाटतही नाही. मला फक्त एकदा घरी जाऊन म्हणायचंय, आणली बघा, घ्या. आणि मग बूट काढून झोपायचंय.

का हो, थांबलात का? पाय उचलत नाही? उचलणार नाहीच. एवढं पळाल्यावर मध्येच थांबून ताणलं की पाय धरतात, नवख्यांना हे कोणी सांगत नाही. बसा, बसा इथं कडेला. धुकंही दाटलंच.

ऐकू आलं ना? हां, तोच. लांब आहे अजून. ओरडून उपयोग नाही, टेबलवाले कधीच गेले.

रडू नका असं. आत गार असतं, कोणी बोलत नाही, कोणी काही मागत नाही. मला तर कधी कधी हेवा वाटतो. एकच सांगते, तो दांडा तेवढा धरू नका. बोटं सोडवायला लागली की मला फार त्रास होतो.

ती बघा. बघा ना! धाकटी पुढच्या बाकावर आली आज, अगदी दाराशी. आज येतेय वाटतं माझी बाई! उठा ताई, उठा, माझ्या गळ्यात हात टाका... हां, अशी. लेकीची काळजी करू नका, मी सांगते तिला, आई मागच्या गाडीनं येतेय म्हणून. शहाणी आहे, पुठ्ठा धरून उभी राहील.

आणि केळं खाल्लंच नाहीत तुम्ही? असू दे. असू दे हातात. ते काळं पडत नाही.