केरूच्या नावाचं पाणी

तुम्हाला हे पटणार नाय. पटलं तर माझा चहा तुमच्याकडे. नाय पटलं तरी तुमच्याकडेच. गडबच्या नाक्यावर भरदुपारी एवढं बोलून मी बशी तोंडाला लावली. बाकाच्या टोकाला बायजाबाई बसली होती. खरं तर तिच्याचसाठी सांगत होतो.

खाडीच्या बांधाला आमच्या तीन उघाड्या, म्हणजे भरती अडवणारी दारं. गेल्या पावसात तिचा मुलगा केरू मधल्या उघाडीतला ओंडका काढायला उतरला, तो वर आलाच नाही. देहही मिळाला नाही. बायजाबाई दहावं करू देईना. जेवणवेळेला दार उघडं ठेवून बसायची.

यंदा माझ्या पुतणीनं, प्रणितानं, पाण्याची उंची दाखवणारा प्रोग्राम बनवला. प्रत्येक उघाडीला एक सेन्सर, एक नाव, पडद्यावर एक ओळ.

आज सकाळी बांधावर कुजक्या चिखलाचा वास सुटला होता. बायजाबाई प्रणिताच्या लॅपटॉपपाशी येऊन म्हणाली, “माझ्या केरूचं नाव टाक गो.”

“तसं होत नाय, काकी. नावं आधी लिहायची, मग कंपाइल करायचं, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायचं. त्यानंतर नावं विरतात, नुसत्या जागा राहतात. चालू प्रोग्रामला नवं नाव दिलं म्हणून तो नवी जागा काढत नाय. त्याला ती नुसती अक्षरं.”

“टाक तरी.”

म्हातारीचं मन राखायला पोरीनं शोधायच्या चौकटीत नाव टाइप केलं. ‘सापडलं नाही’ असं यायला हवं होतं. तीन ओळींखाली चौथी उमटली.

केरू. पाच फूट.

पूर्ण ओहोटी होती. उघाड्यांत बेडूक भिजेल एवढंही पाणी नव्हतं. पाच फूट म्हणजे केरूचा गळा. बायजाबाई तोंडाला पदर लावून निघून गेली.

प्रणितानं प्रोग्राम बंद केला. पुन्हा चालू केला. ओळ तिथेच.

मग आकडा हलला.

“पुढं?” चहावाल्या रितेशनं विचारलं.

“पुढं काय? चढत गेला. डोक्यावरून गेला नि ओळ विझली. सुटला बिचारा.” मी बायजाबाईकडे न बघता म्हणालो, “आता दहावं करायला हरकत नाय.”

“खोटं, काका.”

प्रणिता मागे उभी होती. लॅपटॉप उघडा, चेहरा पांढराफटक.

“चढला नाय. उतरत गेला. छाती, कंबर, गुडघा...” तिनं पडद्याकडे पाहिलं. “पाणी आता घोट्यावर आलंय.”

बायजाबाई बाकावर थोडी सरकली आणि तिनं शेजारी केरूपुरती जागा केली.