दोन बोटं जाडीचा दिवा

माळ्यावरच्या खोलीचं छत सव्वासहा फूट. सासऱ्यांनी बांधलं, आणि ते होते जेमतेम पाच फुटी. हे मात्र सहा फूट एक इंच. ह्यांचं पुस्तकबांधणीचं काम तिथेच चाले आणि मधोमध वीतभर लोंबणारा पत्र्याचा दिवा दिवसातून दोनदा तरी कपाळावर बसे. मी जिन्यातूनच ओरडायची, "डोकं!"

संध्याकाळी सहा ते सात माझं मौन असतं. त्याच खोलीच्या कोपऱ्यात मी जपाला बसते. तीस वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. त्या तासात दिवा ह्यांच्या कपाळाला हमखास लागायचा. कपाळ चोळत हे हसायचे, "तुझ्या देवाला विचार, एका शब्दाची सूट मिळते का." मी नुसती मान हलवायची.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. खिडकी बंद असते. तरी रोज सव्वासहाला पत्रा टण्णकन वाजतो आणि दिवा झुलू लागतो.

"आई, रस्त्यावरून ट्रक जातात," मुलगा म्हणाला.

जात असतील. टेबलावरचं सुई-दोऱ्याचं डबडं मात्र हलत नाही. मला भीती नाही वाटत, जीव तुटतो. अजून लागतंच आहे त्यांना, आणि मी तोंड मिटून बसलेली.

शेवटी वायरमनला बोलावलं.

"टांगता नकोच काकू. भिंतीवर लावू?"

"कामावर सावली पडेल."

"मग हा चपटा घ्या. छताला चिकटून बसतो, दोन बोटं जाडी. खोलीत वावरणार कोण?"

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेम. "सहा फूट एक इंच," मी म्हटलं.

त्याने टेप लावून पाहिली आणि हसला. "काठोकाठ! अर्धा इंच उरतो. टाचा उचलू नका म्हणावं."

"सांगते."

जाताना त्याने दिव्याची पांढरी काच लखलखीत पुसली.

त्या संध्याकाळी मी जपाला बसले. सव्वासहा झाले. काही वाजलं नाही. साडेसहा झाले.

माळेतला मणी बोटात अडकून राहिला. त्यांना लागू नये म्हणून दिवा बदलला. त्यांची येण्याची खूणच तर मी काढून टाकली नाही?

वर पाहिलं. काचेवर, कडेला, केसांच्या तेलाचा रुपयाएवढा डाग होता.

रुमाल घेतला आणि घाईघाईने स्टुलावर चढले. छत इतकं जवळ आहे, हे विसरलेच.

डोकं आपटलं नाही.

मध्ये तळहात होता. लांब बोटांचा, कोरडा. पुस्तकं चिकटवायच्या सरसाचा वास येत होता.

सात वाजायला अजून बारा मिनिटं होती. त्यांनीही अवाक्षर काढलं नाही.