मधले अडतीस मीटर

डॉ. कुमुद सोनटक्के यांच्या संगणकावरचा जोडणीचा हिरवा दिवा दुपारी सव्वातीनला विझला. चार वाजून दहा मिनिटांनी एक तारा आपल्या जोडीदाराच्या आड जाणार होता आणि त्या क्षणी दरीतल्या रेडिओ-दुर्बिणींना त्यांनी घरूनच आज्ञा द्यायची होती. पुढची संधी अकरा वर्षांनी. कुमुदताई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. हा हिशेब त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती.

दुर्बिणींच्या कानाला त्रास नको म्हणून हा अख्खा डोंगर ‘रेडिओमौन क्षेत्र’ ठरवलेला. मोबाइल नाही, बिनतारी काहीच नाही. प्रत्येक घराला खालून जमिनीतून येणारी संगणकाची तार आणि माथ्यावरच्या रस्त्याकडून खांबांवरून आलेला फोन. सन २०६१ मध्येही इथली माणसं रिसीव्हर कानाला लावून बोलत.

“केबल काढून परत लावलीत का, मॅडम?” तारकेंद्रातून, म्हणजे जोडण्यांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीतून, हर्षल गवांदेने फोनवर विचारलं.

“दोनदा. मग नवी लावली. संगणकही बंद करून चालू केला. अरे, मला प्लग लावता येतो!”

“मग प्रतिध्वनिमापी जोडा.”

हे यंत्र तारेत विजेचा एक स्पंद सोडतं. तार जिथे तुटली असेल तिथून तो उलटा फिरतो. जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं.

“नव्वद मीटर,” कुमुदताई म्हणाल्या.

“आणि मी खालच्या पेटीतून मोजलं तर तीनशे नव्वद. बेरीज चारशे ऐंशी, म्हणजे तुमची पूर्ण तार. एकाच जागी तुटलीय, उंदीर असणार. माणूस पाठवतो. यंत्रापाशीच बसा आणि फोन ठेवू नका, नाहीतर रांगेतला नंबर जाईल.”

तीन चाळीसला त्यांनी सहज पुन्हा मोजलं. एकाहत्तर.

“माझ्याकडे तीनशे नव्वदच आहे. तुमचं यंत्र बिघडलंय,” हर्षल म्हणाला. केंद्राचा आकडा बरोबर आणि घरातला चूक, ही तिथली जुनी रीत होती.

कुमुदताई भडकल्या. कपाटातली तीन मीटरची तार त्यांनी यंत्राला जोडली. यंत्राने तीन दाखवले. मग पुन्हा मूळ तार जोडली आणि आकडा वाचला.

“हर्षल, आता बावन्न. तुझे तीनशे नव्वद, माझे बावन्न. मधले अडतीस मीटर कुठे गेले?”

“तेवढी तार कुणी काढून नेली?”

“नाही रे. तुझा स्पंद पहिल्या तुटीपाशीच फिरतो, पुढचं तुला दिसतच नाही. मला माझ्या बाजूची सगळ्यात जवळची तूट दिसते. तार खालून वर तुकड्यातुकड्याने तुटत येतेय.”

“उंदीर इतकं...”

“उंदीर नाही, जमीन! नऊ दिवस पाऊस कोसळलाय. खालचा तुकडा घसरला की त्याच्यावरच्याचा आधार जातो.”

खिडकीतून बांबूची दाट राई तेवढी दिसत होती, उन्हात अगदी शांत.

“आपल्या उतारावरून आज तक्रारी किती?”

हर्षलने यादी मोजली. “तुमच्यासकट चौदा. सगळ्यांना मीच यंत्रापाशी बसवून ठेवलंय.”

“फोन कर त्यांना!”

“लागणार नाहीत, मॅडम. सगळे माझ्याच रांगेत फोन धरून बसलेत.”

“मग सगळ्या लाइनी एकदम उघड की!”

चौदा घरांत हर्षलचा आवाज एकाच वेळी गेला. “डोंगर खचतोय. आत्ता घर सोडा. वर, रस्त्याकडे पळा. काही घेऊ नका.”

“आणि माझ्या जोडणीचं काय? दोन तास बसलोय,” कोणीतरी तावातावाने म्हणालं.

“काका, आधी पळा हो!” हर्षलचा आवाज रडवेला झाला.

एकेक फोन बंद होऊ लागला. हर्षल मोठ्याने मोजत होता.

कुमुदताईंच्या पडद्यावर तेहतीस आलं होतं. आधीचे एकोणीस मीटर जायला बारा मिनिटं लागली होती, हे एकोणीस सातच मिनिटांत गेले. त्यांनी पेन्सिल उचलली. आणखी एक आकडा मिळाला तर वेग नक्की सांगता आला असता. चार वाजायला एक मिनिट होतं, पण तारा त्या साफ विसरल्या होत्या.

“बारा... तेरा.” हर्षल थांबला. त्याने पुन्हा वाट पाहिली. “मॅडम, चौदावा फोन तुमचा आहे.”

पलीकडे पेन्सिल पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ रिसीव्हर ठेवल्याचा.