खाली माणूस आहे

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही, कारण जिच्यासोबत ती घडली त्या माझ्या आत्याचाच कित्येक दिवस विश्वास बसत नव्हता. पण आत्या खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही, दुसऱ्या वाक्याला पकडली जाते.

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. जेवणं उरकून लोक जरा आडवे होतात, त्या वेळची.

थंडी सरत आली होती. सकाळी समुद्रावरून जे धुकं आलं, ते दुपार झाली तरी हटायचं नाव घेत नव्हतं. लहानसं बंदर. लाकडी फळ्यांचा एक लांब धक्का, त्याला बांधलेल्या चार-सहा बोटी, आणि धक्क्यावर माणूस नाही.

माझी आत्या बोटींच्या विजेची कामं करते. बंदरावर तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. घरात मात्र दारावरची बेल कधीची बंद पडली आहे. आतोबा म्हणतात, "ती दुरुस्त करून घ्यायची तर आधी घर पाण्यात ढकलावं लागेल."

त्या दिवशीचं काम एका अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीचं होतं. एका गृहस्थाने ती नुकतीच विकत घेतली होती. लोकांना खाडीत फेरी मारून आणायचा त्याचा विचार होता. बोट चालवण्याआधीच त्याने टोपी घेतली, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणायचे.

कप्तानच्या बोटीला एक रोग होता. बूड पोखरलं जात होतं. पत्र्यावर पांढरी पूड धरायची आणि पूड खरवडली की खाली सुईच्या टोकासारखी भोकं दिसायची.

असं होऊ नये म्हणून बोटीच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात. खारं पाणी आधी त्यांना खातं, पत्रा वाचतो. चांगला ठोकळा वर्षभर पुरतो. कप्तानच्या बोटीचे महिन्याभरात कुरतडले जायचे.

याचा अर्थ आत्याला पाठ होता. कुठून तरी वीज झिरपत होती. बोटीतून, नाहीतर धक्क्यावरून, पाण्यात...

आणि झिरपणारी वीज पत्राच खाते असं नाही. पाण्यात माणूस असला तर हातपाय जागच्या जागी आखडतात. ओरडताही येत नाही.

म्हणून आत्याचा एक नियम होता. धक्क्यावरच्या ज्या खांबातून बोटीला वीज येते त्याचं मेन बंद, बोटीच्या बॅटऱ्या सुट्या, आणि आत्याने स्वतः "उतर" म्हटल्याशिवाय पाणबुड्याने पाण्यात पायाचा अंगठाही घालायचा नाही.

पाणबुड्या म्हणजे तिचा जुना जोडीदार. उंच, काटकुळा, पाण्यात उतरण्याआधी एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात मोजा चढवायचा. म्हणून त्याचं नाव पडलं बगळा. बुडाचे ठोकळे घासायचे, ढिले आवळायचे, हे काम त्याचं.

दुपारी तो यायचा होता. आत्या आधीच आली.

तिने खांबावरचं मेन पाडलं. बॅटऱ्यांच्या वायरी काढून बाजूला वळवून ठेवल्या. मीटरचा एक चिमटा बोटीच्या पत्र्याला लावला. दुसऱ्या वायरीला बोटाएवढी एक नळी असते, ती पाण्यात सोडली. पत्रा आणि पाणी यांच्यात काय चाललंय ते या नळीने कळतं.

आकडा आला. स्थिर. डॉक्टरांना नाडी नीट लागावी तसा.

म्हणजे सगळं बंद असताना बोट ठणठणीत होती. आता एकेक गोष्ट चालू करायची आणि आकडा कधी बिघडतो ते पाहायचं, एवढंच काम.

आत्या केबिनमध्ये गुडघ्यांवर बसली होती. मीटर समोर.

आणि खालून आवाज आला...

घर्र... घर्र...

तारेचा ब्रश. बुडावर. मागच्या टोकाला, जिथे ठोकळे असतात तिथे.

आत्याचं टाळकं सरकलं. तिने टाच आपटली.

"बगळ्या! मी उतर म्हटलं का तुला?"

आवाज थांबला.

मग खालून एक टकटक झाली. हळू. ऐकलं, अशा अर्थाची.

आणि पुन्हा... घर्र... घर्र...

"जिवावर उदार झालाय मेला," आत्या पुटपुटली. पण मेन बंद होतं, बॅटऱ्या सुट्या होत्या, धोका काही नव्हता. वर आला की चांगला फैलावर घेऊ, असं ठरवून ती मीटरकडे वळली.

मीटरचा आकडा हलत होता.

ब्रश फिरला की आकडा जरा सरकायचा. थांबला की परत जागेवर. जस्तावरची पूड निघून नवा धातू पाण्याला लागतो तेव्हा असंच होतं. म्हणजे खाली खरोखरच कुणीतरी ठोकळा घासत होतं. कान फसतील. मीटर कशाला फसेल?

तिला बरंच वाटलं. काम होतंय ना, होऊ दे.

थोड्या वेळाने पाण्यातली नळी जरा सरकवावी म्हणून ती बाहेर आली आणि कठड्यावरून वाकली.

पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं.

एक बुडबुडा नव्हता.

बगळा खाली असला की पाणी उकळल्यासारखं होतं. हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. ती दुसऱ्या कडेला गेली. तिथेही तेच. पुढे गेली...

धक्क्यावर त्याची पिशवी नव्हती. चपला नव्हत्या. तो कमरेला बांधतो ती दोरी कुठेच बांधलेली नव्हती.

आणि खालून... घर्र... घर्र...

आत्या घाबरली. भुताला नाही हं. तिच्या डोक्यात भूत आलंच नाही. तिला वाटलं, याच्या टाकीतली हवा संपली. हा श्वास कोंडून कशाला काम करतोय?

तिने पेटीतून हातोडी घेतली आणि दांड्याने पत्र्यावर ठोकलं. वर ये, असा हा इशारा ठरलेला असतो. सगळे पाणबुडे तो ओळखतात.

घासणं थांबलं.

ती वाट पाहत उभी राहिली. मागच्या टोकाला पाण्यात उतरायची लोखंडी शिडी होती, तिच्याकडे डोळे लावून.

कुणी आलं नाही.

मग तिचा फोन वाजला.

बगळा बोलत होता.

"ताई, रागावू नकोस. गाडीचं चाक बसलंय. मी अजून पुलावरच आहे. पोचायला वेळ लागेल."

आत्याने वाकून पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

"ताई? ऐकू येतंय ना?"

"तू पुलावर आहेस?"

"हो मग! हा बघ, जॅक लावतोय."

"मग बुडाशी कोण आहे?"

"कुणाच्या बुडाशी?"

"कप्तानच्या बोटीच्या, बगळ्या. मघापासून ठोकळे घासतंय कुणीतरी. बुडबुडे नाहीत, दोरी नाही. मला वाटलं तूच आहेस."

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. मग तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला,

"ताई, काही कर, पण त्याला वर ये म्हणू नकोस."

आत्याच्या हातात हातोडी तशीच होती.

"मी... ठोकलं आत्ताच."

"बोटीतून उतर."

"अरे पण कोण..."

"ताई, उतर! आधी उतर!"

त्याच वेळी बोट कलली.

जोरात नाही. कुणी शिडीवर पहिला पाय ठेवावा तेवढीच. मागचं टोक जरासं खाली गेलं. शिडीची कडी कुरकुरली...

आत्याला शिडीचा वरचा दांडा दिसत होता. त्याच्यापलीकडे धुकं. दुसरं काही नाही.

पुन्हा कुरकुर. बोट आणखी थोडी खाली.

शिडीवरून पाणी निथळत होतं. टप... टप... ओला माणूस वर चढताना पाणी निथळतं तसं.

धक्क्यावर उतरायची फळी मागच्या टोकालाच होती. शिडीला लागून. आत्याने पुढच्या टोकाकडे धाव घेतली. तिथून धक्क्यापर्यंतचं अंतर उडी मारण्याजोगं होतं, पण मध्ये तेच पाणी होतं. ती कठडा धरून उभी राहिली.

आणि धुक्यातून कप्तान आला. टोपीसकट. शीळ घालत.

"मॅडम, या धुक्यात दिव्याशिवाय काय काम करताय? थांबा, लाईट देतो!"

त्याने खांबावरच्या डब्याचं झाकण उघडलं. हात मेनवर गेला.

पाण्यात बगळा नाही, हे आत्याला आता ठाऊक होतं. कुणीच जिवंत नाही, हेही कळत होतं. पण इतक्या वर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघालं, आणि असं निघालं की धक्काभर घुमलं.

"हात लावू नका! खाली माणूस आहे!"

कप्तान थिजला. हात हवेतच.

शिडीची कुरकुर थांबली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. निथळणं तेवढं चालू होतं. टप... टप...

मग कुरकुर पुन्हा झाली. या वेळी उलटी. खाली. एक पायरी... आणखी एक...

बोटीचं मागचं टोक हळूच वर आलं. बोट सरळ झाली. पाण्यावर एक गोल वलय उठलं आणि पसरत धक्क्याच्या खांबांना जाऊन लागलं.

कप्तानने ते वलय पाहिलं. बोट कललेलीही त्याने पाहिली. "कोण उतरलं?" त्याने विचारलं. आत्याने नुसता हात पुढे केला. कप्तानने तिला धक्क्यावर घेतलं.

बगळा आला तो धक्क्यावर पाय ठेवायला तयार होईना. गाडीतच बसून राहिला. आत्या त्याच्या शेजारी जाऊन बसली, तेव्हा त्याने सांगितलं.

त्याला हे काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या पाणबुड्याने. त्याला तो उस्ताद म्हणायचा. उस्ताद अशाच एका अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीखाली ठोकळे घासत होता. धक्क्यावरून जाणाऱ्या कुणीतरी, बोटीवर दिवा नाही असं पाहून, मेन चालू केलं. खाली माणूस आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

"मी वर होतो, ताई. घासायचा आवाज बंद पडला म्हणून मी ठोकलं. वर या म्हणून. आणि त्यांनी खालून उत्तर दिलं. टकटक केली. मी निर्धास्त झालो. पुन्हा ठोकलं, पुन्हा उत्तर. असं किती वेळ चाललं... ते येईनात म्हणून शेवटी मी मेन पाडून उडी मारली."

"मग?"

"ते केव्हाचे गेले होते. अंग ताठ झालं होतं, ताई. पत्र्यापासून लांब, तळाच्या चिखलात पडले होते."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं.

"मग उत्तर कोण देत होतं?"

बगळ्याने मान हलवली. "म्हणून मी कुणाला ठोकून बोलवत नाही. दोरी ओढतो."

ते बंदर हे नव्हे. ती बोटही ही नव्हे. हे त्याने शपथेवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धुकं गेलं. कप्तानची बोट क्रेनने उचलून जमिनीवर घेतली. आत्याने खांबावरचा डबा उघडून तपासला. आत जोडणी चुकली होती. मेन चालू केलं की जमिनीत जायची वीज बोटीच्या पत्र्यातून थेट पाण्यात उतरत होती. रोग सापडला. कप्तानने मेन ओढलं असतं आणि बगळा खाली असता, तर तो वर आलाच नसता.

बुडाचे सगळे ठोकळे पांढऱ्या पुडीने माखलेले होते.

एक सोडून.

मागच्या टोकाचा एक ठोकळा अर्धा घासलेला होता. चांदीसारखा लखलखत होता. काम अर्धवट सोडून कुणी उठून जावं, तसा तो चकचकीत पट्टा मध्येच संपत होता.

बगळ्याने त्यावरून बोट फिरवलं. त्या महिन्यात त्याने पाण्यातलं काम सोडलं.

कप्तानचा धंदा मात्र छान चाललाय. अधूनमधून तो आत्याला फोन करतो. परवा मी समोर बसलो असतानाच त्याचा फोन आला. बोट वर्षभराने वर घेतली होती आणि तो अगदी खुशीत होता.

"मॅडम, काय हात आहे तुमचा! ठोकळ्यांवर पुडीचा कण नाही. कुणी रोज घासून ठेवावेत असे चमकताहेत."

आत्या "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "आत्या, भीती वाटते का गं अजून?"

तिने फोन बाजूला सरकवला. मग म्हणाली,

"तो वर येत होता रे. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याला वर ये म्हटलं होतं. आणि मी ओरडले, खाली माणूस आहे..."

ती थांबली.

"त्याने ऐकलं माझं. गेला परत खाली."